टेलिमार्क स्कीइंगसाठी बूट निवडताना : ताठ की मऊ?

टेलिमार्क स्कीइंगमध्ये बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जखडलेला असतो आणि टाच मोकळी असते. वळण घेताना बाहेरचा पाय पुढे सरकतो, आतला पाय मागे राहतो, मागच्या पायाचा गुडघा खाली झुकतो, त्याची टाच वर उचलली जाते आणि त्या पायाचा सगळा भार चवड्यावर येतो. पाय चवड्यापाशी वाकतो, तेव्हा बूटही तिथेच वाकावा लागतो. अल्पाइन स्कीइंगमध्ये टाचही स्कीला जखडलेली असते आणि बुटाचा तळ वाकतच नाही, त्यामुळे तिथे ताठपणाचा विचार मुख्यतः नडगीपुढच्या भागापुरता करावा लागतो. तिकडून येणारे बरेच नवशिके ‘अधिक ताठ म्हणजे अधिक चांगला’ हा हिशेब सोबत घेऊन येतात आणि पहिल्याच खरेदीत चुकतात. याउलट, चालायला सोपा वाटला म्हणून सर्वांत मऊ बूट घेणाऱ्याला रुंद स्की वळवताना आपला पाय बुटातच पिळतो आहे आणि स्की मात्र जागची हलत नाही, असा अनुभव येतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नवशिक्याचा बूट चवड्यापाशी मऊ आणि आडव्या दिशेने भक्कम असावा, आणि तो किती उंच व किती जड असावा हे त्याच्या स्कीने ठरवावे. हे मत कशावर आधारलेले आहे आणि ते स्वतःच्या पायावर कसे पडताळून पाहावे, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

ताठपणा एकच नसतो

दुकानात ‘हा बूट ताठ आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही.

पहिली गोष्ट भात्याची. प्लास्टिकच्या टेलिमार्क बुटावर, बोटांच्या मुळांच्या वर, आडव्या घड्यांचा एक भाग असतो. त्याला बेलोज म्हणतात आणि लोहाराच्या भात्याप्रमाणे तो मिटतो व उघडतो, म्हणून भाता हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. भाता सहज मिटला तर मागच्या पायाचा संपूर्ण चवडा स्कीवर टेकलेला राहतो आणि त्या स्कीवर खरोखर भार देता येतो. भाता फार ताठ असेल तर टाच उचलताना बूट वाकण्याऐवजी टोकावर उभा राहतो, भार बोटांच्या अग्रावर जातो आणि मागची स्की केवळ फरपटत येते. टेलिमार्क शिकताना सर्वांत अवघड जाणारी गोष्ट म्हणजे मागच्या पायावर भार ठेवणे. ताठ भाता नेमकी तीच गोष्ट आणखी अवघड करतो, आणि शिकणाऱ्याला मात्र दोष आपल्या पायाचा वाटतो.

दुसरी गोष्ट कफची. घोट्याच्या वरच्या, पोटरीला वेढणाऱ्या भागाला कफ म्हणतात. नडगी पुढे दाबली असता हा भाग किती झुकतो यावर पुढे कलण्याचा आधार ठरतो. पुढच्या पायाने स्कीवर दाब देताना आणि बर्फ एकाएकी जड झाल्यावर तोल सावरताना हा आधार उपयोगी पडतो. मात्र कफ उंच आणि फार ताठ असेल तर घोटा वाकवून खाली बसणे अवघड होते, आणि नवशिका उभ्या पायांनी स्की करू लागतो.

तिसरी गोष्ट आडव्या भक्कमपणाची, म्हणजे पाय कडेला कलवला असता बूट स्कीला लगेच कडेवर आणतो की स्वतःच पिळला जातो, याची. माझ्या दृष्टीने नवशिक्याने सर्वाधिक लक्ष द्यावे ते इथे. आडव्या दिशेने ढिला असलेला बूट कठीण, गोठलेल्या उतारावर स्कीची कड धरू देत नाही, आणि कड धरली जात नसेल तर वळणाचा सराव करणेच अशक्य होते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात. चांगला बूट चवड्यापाशी मऊ, पुढच्या दिशेने मध्यम आणि आडव्या दिशेने भक्कम असू शकतो. जुन्या चामडी बुटांमध्ये हे जमत नसे, कारण चामडे चवड्यापाशी मऊ पडले की ते सगळीकडेच मऊ पडत असे. नॉर्वेतील टेलिमार्क प्रांतातल्या मॉर्गेदाल गावचा सोंद्रे नूरहाइम याने १८६८ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लो शहरात, ज्या कौशल्याने पाहणाऱ्यांना थक्क केले, त्यामागे लवचीक फांद्या पिळून केलेली आणि टाचेला वेढणारी बांधणी होती. बूट साधे आणि मऊच होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ही शैली पुन्हा उचलली गेली, तीही चामडी बूट आणि अरुंद स्की घेऊनच. संपूर्ण प्लास्टिकचे बूट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि त्यानंतर स्की रुंद होत गेल्या. आज बाजारात दिसणाऱ्या ताठ बुटांचे मूळ या रुंद स्कींमध्ये आहे. टेलिमार्क वळणाला स्वतःला तितक्या ताठपणाची गरज कधीच नव्हती.

पहिली पायरी : कुठे आणि कशासाठी

लिफ्ट असलेल्या, यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर दिवसभर उतरायचे आहे, की बर्फाळ माळरानावर आणि जंगलात लांब अंतर कापत मधूनमधून उतरायचे आहे, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे. बहुतेक जण ‘दोन्ही’ असे उत्तर देतात, पण पहिल्या दोन हंगामांत आपण प्रत्यक्षात कुठे जाणार आहोत याचे उत्तर सहसा एकच असते. बूट त्या उत्तरासाठी घ्यावा.

लिफ्टच्या उतारांवर बर्फ कठीण असतो, वेग जास्त असतो आणि चालणे जवळजवळ नसते, त्यामुळे तीन किंवा चार बकलांचा, घोट्याच्या बराच वर जाणारा बूट तिथे योग्य ठरतो. सौम्य चढउतारांच्या लांब वाटचालीसाठी दोन बकलांचा बुटका प्लास्टिक बूट किंवा जाड चामड्याचा बूट पायाला कितीतरी कमी थकवतो. बकलांची संख्या हे ताठपणाचे अचूक माप नाही, तरी अंदाज घ्यायला ती उपयोगी पडते. इटलीच्या स्कार्पा कंपनीच्या टी४, टी२ आणि टी१ या बुटांना अनुक्रमे दोन, तीन आणि चार बकले होती आणि त्यांचा ताठपणाही त्याच क्रमाने वाढत जात असे. वापरलेल्या बुटांच्या बाजारात ही नावे वारंवार दिसतात, म्हणून हा क्रम लक्षात ठेवावा.

चढावर चालण्याबाबत एक बारकावा आहे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी बांधणी, बोटांपाशी मोकळेपणाने फिरणारे असेल, म्हणजे चढताना बूट स्प्रिंगशी न झगडता सुटा उचलता येत असेल, तर भात्याच्या ताठपणाने चढाच्या श्रमात फारसा फरक पडत नाही. अशी मोकळीक नसलेल्या बाइंडिंगमध्ये मात्र प्रत्येक पावलाला भाता आणि स्प्रिंग या दोघांनाही वाकवावे लागते, आणि हजारो पावलांनंतर ताठ बुटाची खरी किंमत पोटऱ्यांना कळते. कफ मोकळा करणारी चालण्याची कळ बुटाला आहे का, हेही पाहावे. उंच बूट घेऊन चढणार असाल तर ती हवीच.

दुसरी पायरी : स्की आणि बाइंडिंग पाहून बूट ठरवणे

बूट हा पाय आणि स्की यांच्यामधला दुवा आहे. स्कीची मधली रुंदी जितकी जास्त, तितका तिला कडेवर उभे करायला जोर जास्त लागतो, आणि तो जोर बुटातूनच जातो. ढोबळ मानाने, मधली रुंदी ७० मिलिमीटरच्या आत असेल तर चामडी किंवा बुटका प्लास्टिक बूट पुरतो. ७५ ते ९० मिलिमीटरसाठी तीन बकलांचा मध्यम बूट चांगला. आणि ९५ च्या पुढे गेल्यावर आडव्या दिशेने खरोखर भक्कम बूट लागतो. हे आकडे काटेकोर नियमासारखे पाळू नयेत, कारण स्की करणाऱ्याचे वजन आणि बर्फाचा प्रकार त्यांना पुढेमागे सरकवतात. स्की अजून घेतली नसेल तर माझा सल्ला असा, की आधी बूट घ्यावा आणि त्याला पेलेल अशी स्की नंतर शोधावी. स्की उसनी मिळू शकते, पण दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट आपल्या पायाला क्वचितच बसतो.

बाइंडिंगच्या बाबतीत दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत, हे सर्वांत आधी ध्यानात घ्यावे. जुन्या पद्धतीत बुटाच्या तळाला पुढे बदकाच्या चोचीसारखी ७५ मिलिमीटर रुंदीची चपटी पट्टी असते. तिच्यात बाइंडिंगच्या खुंट्यांसाठी खालून तीन छिद्रे असतात, किंवा टाचेमागून येणारी केबल बूट पुढे दाबून धरते. नवी पद्धत एनटीएन या नावाने ओळखली जाते. ती नॉर्वेच्या रोतेफेला कंपनीने २००७ मध्ये आणली. तिच्यात ती चोच नसते आणि बाइंडिंग बुटाला पुढे बोटांपाशी आणि खाली टाचेच्या पुढे असलेल्या दुसऱ्या उंचवट्याला पकडते. एका पद्धतीचा बूट दुसऱ्या पद्धतीच्या बाइंडिंगमध्ये बसत नाही. एनटीएनचे बूट बहुतांशी मध्यम ते ताठ या पट्ट्यात असतात, आणि खरोखर मऊ व हलके बूट ७५ मिलिमीटरच्या जगात अधिक सापडतात, त्यामुळे मऊपणाचा निर्णय अनेकदा पद्धतीचाही निर्णय ठरतो.

बाइंडिंगची ओढ हा याच पायरीचा दुसरा भाग आहे, आणि तो सहसा दुर्लक्षिला जातो. काही बाइंडिंगमधील स्प्रिंग टाच उचलताच तिला लगेच खाली खेचू लागतात आणि चवडा स्कीवर दाबून धरतात. काहींमध्ये ही ओढ उशिरा आणि सौम्यपणे येते. ओढ कमी आणि भाता ताठ अशी जोडी झाली, तर वर सांगितलेली बोटांच्या टोकावर उभे राहण्याची अडचण सर्वाधिक जाणवते. ओढ फार जास्त आणि बूट फार मऊ अशी जोडी झाली, तर केबलच्या दाबाने बूट पुढूनमागून चेपला जातो, तळ कमानीसारखा वाकतो आणि बोटे बुटाच्या पुढच्या भिंतीवर दाबली जातात. मऊ बुटाला सौम्य स्प्रिंग आणि ताठ बुटाला जोरकस स्प्रिंग, ही सांगड नवशिक्यासाठी सुरक्षित आहे. ७५ मिलिमीटरची अनेक बाइंडिंग पडल्यावर बूट आपोआप सोडत नाहीत, आणि उंच, ताठ बूट पडतानाची पिळ घोट्यात न मुरवता वर गुडघ्याकडे पाठवतो; म्हणून चार बकलांचा ताठ बूट घ्यायचाच असेल, तर सुटणाऱ्या बाइंडिंगचा विचार त्यासोबतच करावा.

तिसरी पायरी : मापाने सुरुवात, शेलने खात्री

स्कीच्या बुटांचे माप मोंडोपॉइंट पद्धतीने, म्हणजे पायाच्या लांबीच्या सेंटीमीटरमध्ये दिले जाते. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते सहसा किंचित वेगळे असते. अर्ध्या मापाचे बूट बहुधा शेजारच्या पूर्ण मापाच्याच शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कठीण कवचात, बनवलेले असतात आणि फरक आतल्या अस्तराचा किंवा तळव्याच्या गादीचा असतो, त्यामुळे अर्ध्या मापाने बूट मोठा होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्यानंतर आतले मऊ अस्तर, म्हणजे लायनर, बाहेर काढून नुसत्या प्लास्टिकच्या शेलमध्ये पाय घालावा. बोटे पुढे हलकी टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. एक ते दीड बोट जागा उरली तर बूट नेमका आहे, दोन बोटे उरली तर सैल, आणि त्याहून जास्त उरली तर तो बूट परत ठेवावा. टेलिमार्कमध्ये सैल बूट हा अल्पाइनपेक्षाही वाईट ठरतो. पाय आत सरकला की भात्याची घडी आणि पायाचा वाकण्याचा सांधा एका रेषेत राहत नाहीत, आणि मग मऊ भातासुद्धा ताठ असल्यासारखा वागू लागतो. ‘हा बूट फार ताठ आहे’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा चुकीचे माप असते, असे मला वाटते, आणि म्हणूनच ताठ-मऊचा निर्णय या पायरीच्या आधी घेऊ नये.

चौथी पायरी : वीस मिनिटे पायात

एकच पातळ मोजा घालून, टाच जमिनीवर आपटून मागे बसवावी, मग बकले खालून वर या क्रमाने लावावीत. त्यानंतर टेलिमार्कच्या ठेवणीत उभे राहावे : एक पाय पुढे, दुसरा मागे, मागचा गुडघा खाली, मागची टाच वर, पाठ सरळ. या स्थितीत निदान अर्धा मिनिट थांबावे आणि मागच्या पायाकडे लक्ष द्यावे.

भार पूर्ण चवड्यावर जाणवतो आहे का? बुटाची घडी बोटांच्या मुळांशीच पडते आहे का, की ती पुढे सरकून बोटांवर दाबते आहे? टाच लायनरमध्ये वर सरकते आहे का? घडी बोटांवर दाबत असेल तर त्या बुटाची ठेवण तुमच्या पायाशी जुळत नाही, आणि वापराने तो सुधारेल असे धरून चालू नये. दाब नुसता सर्वत्र घट्टपणाचा असेल तर मात्र उष्णतेने पायाच्या आकारात बसवता येणारा लायनर तो दूर करू शकतो. पाय बदलून हीच तपासणी पुन्हा करावी.

मग आडव्या भक्कमपणाची चाचणी. दोन्ही पाय समांतर ठेवून गुडघे एकाच बाजूला, जणू उतारावर कड धरायची आहे असे, हळूहळू कलवावेत. बुटाचा तळ लगेच कडेवर येत असेल तर बूट भक्कम आहे. घोटा आत कलतो आणि तळ मात्र जमिनीवर सपाट राहतो, तर तो बूट अरुंद स्कीपुरताच ठेवावा. शेवटी नडगी पुढे दाबून पाहावी. कफ थोडा झुकून विरोध करू लागला, तर तो पुरेसा आहे. तो अजिबात झुकत नसेल आणि तुमचे वजन कमी असेल, तर एक पायरी मऊ बूट मागावा. लहान मापाचे बूट त्याच नावाच्या मोठ्या बुटांपेक्षा ताठ जाणवतात, कारण त्यांना वाकवणारी तरफ आखूड असते. हलक्या वजनाच्या आणि लहान पायांच्या व्यक्तींनी इतरांचे अभिप्राय वाचताना हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

दुकानाची ऊबही फसवते. पॉलियुरेथेनचे शेल थंडीत स्पष्टपणे ताठ होते, तर पेबॅक्स या हलक्या प्लास्टिकचा ताठपणा तापमानाने तुलनेने कमी बदलतो. त्यामुळे पॉलियुरेथेनचा बूट दुकानात नेमका वाटला, तर डोंगरावर तो किंचित ताठ होईल असे गृहीत धरावे.

वापरलेले बूट घेताना

नवशिक्याने वापरलेले बूट घ्यायला हरकत नाही. उलट ज्याचा भाता आधीच मोकळा झालेला आहे असा मध्यम बूट ही उत्तम सुरुवात ठरू शकते. भात्याच्या घड्या बोटांनी ताणून त्यांच्या तळाशी तडे आहेत का ते पाहावे, कारण तिथला तडा दुरुस्त करता येत नाही आणि वाढतच जातो. ७५ मिलिमीटरच्या बुटाची पुढची चोच तळापासून सुटत चाललेली नाही ना आणि तीन छिद्रे झिजून लांबट झालेली नाहीत ना, हेही तपासावे. चामडी बूट असेल तर तो मधोमध धरून पिळावा. ओल्या फडक्यासारखा पिळला गेला, तर तो फक्त चालण्याच्या कामाचा उरला आहे.

बर्फावरचे पहिले दिवस

नव्या बुटाचा भाता पहिल्या काही दिवसांत मोकळा होतो, म्हणून पहिल्या दिवशीच त्याच्याबद्दल निकाल देऊ नये. पहिल्या दिवशी सौम्य उतार निवडावा. चवड्यावरचे बकल, म्हणजे सर्वांत पुढचे, जेमतेम लावावे, कारण ते आवळले की भाता मिटायला जागा मिळत नाही आणि चांगला बूटही ताठ होतो. घोट्यावरचे बकल मात्र नीट आवळावे, म्हणजे टाच जागेवर राहते. कफची बकले या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावीत.

चार-पाच दिवसांनंतर दोन खुणा शोधाव्यात. वळणाच्या मध्यावर मागची स्की भरकटत असेल आणि बोटांचे टोक दुखत असेल, तर भाता तुमच्यासाठी ताठ आहे. आधी पुढचे बकल आणखी सैल करून पाहावे, मग बाइंडिंगमधील स्प्रिंगचा ताण एक टप्पा वाढवावा. वळणाची सुरुवात बरोबर होते पण शेवटी, कठीण बर्फावर, दोन्ही स्की खाली घसरत जातात आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला थकवा येतो, अशी दुसरी खूण दिसली तर बूट आडव्या दिशेने कमी पडतो आहे. त्या वेळी प्रथम घोट्याचे आणि कफचे बकल एकेक दात घट्ट करून तोच उतार पुन्हा उतरावा, नंतर कोणाची अरुंद स्की मिळाली तर तिच्यावर तोच बूट घालून पाहावा, आणि तिच्यावरही स्की घसरत राहिल्या तरच एक पायरी भक्कम बूट शोधायला निघावे. तोही निवडताना भाता आताच्या बुटाइतकाच मऊ असेल याची खात्री करून घ्यावी.